विरीचे ससाणे

लाम-खेमध्ये वारा सुटतो म्हणायची सोय नाही. तो डोंगरावरून कोसळतो. ऑक्टोबर लागला, की दोरीवर वाळत घातलेला सदरा उठून शेजारच्या गावी जातो, आणि तिथे कुणीतरी लग्नाबिग्नाला मिरवून आणल्यावरच परत येतो. म्हातारा लिओंग सांगतो, त्याची कोंबडी एकदा अंड्यावर बसली ती अंगणात आणि उठली ती समुद्रकाठी. मधल्या वाटेत तिने काय काय पाहिलं हे तिने कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

पण याच वाऱ्याच्या पाठीवर बसून ससाणे येतात. थंड मुलखातून निघालेले, करड्या तोंडाचे, गळ्यापाशी पांढरे. गावात त्यांना डोंगरामागची पाखरं म्हणतात. संध्याकाळी ती आभाळात गोल गोल फिरत एकावर एक अशी रचली जातात, की उंच खांब उभा केल्यासारखा दिसतो. मग तो खांब वरून खाली ढासळत झाडांत उतरतो. रात्रभर विश्रांती, आणि उजाडताच पुन्हा खांब रचून समुद्रावर. गावच्या पुलावर माणसं जमतात ती हे बघायला. काइशुंग शहरातून पाखरं मोजणाऱ्या सू बाई येतात, दुर्बीण तिकाटण्यावर लावतात, मोजतात आणि पुलाच्या कठड्याला टेकवलेल्या फळ्यावर खडूने आकडा लिहितात. त्या आकड्याला लाम-खेमध्ये देवळाच्या घंटेइतका मान.

आणि तो आकडा, दर वर्षी, दर संध्याकाळी, एकाच जागेच्या नावापुढे लिहिला जाई: बान-चाइची घळ.

बान-चाइ म्हणजे बान-शिउचा धाकटा भाऊ. बान-शिउच्या पोटात जे दुखे ते नेमकं इथे.

त्यातून दुखणं असं, की कुणाला दाखवताही येत नव्हतं. बाप गेल्यावर मामा वाटणी करायला बसला, तेव्हा थोरला म्हणून पहिला हात बान-शिउचा होता. त्याने पुढेमागे न बघता पूर्वेची सपाट जमीन उचलली. काळी, उन्हाची, कांद्याला अशी की रोप लावून पाठ फिरवावी तोवर पात डोलू लागावी. तिच्यामागे बाभळीच्या जातीच्या झाडांचा एक उतार होता, त्यावर बापाचं थडगं, म्हणून तो तेवढा तोडायचा राहिला. धाकट्याच्या वाट्याला घळ. दगड, साप आणि सावली. बान-चाइने मान खाली घालून ‘बरं’ म्हटलं होतं, आणि त्या रात्री बान-शिउने घरी येऊन तांदळाच्या दारूचे दोन पेले जास्त घेतले होते.

तेव्हा लोक ससाणे मारून, धरून विकत. दोघा भावांनीही विकले होते. मग सरकारने बंदी आणली, बंदुका थंडावल्या, घळीतली झाडं वाढली, आणि पाखरांच्या ध्यानात आलं, की या अख्ख्या डोंगरात वारा लागत नाही अशी जागा एकच. झालं. दगड-साप-सावलीचं सोनं झालं. शहरातून गाड्या येऊ लागल्या. बान-चाइची बायको घळीच्या तोंडाशी मुगाची गोड पेज विकू लागली. टीव्हीवाले आले तेव्हा बान-चाइ नवा सदरा घालून उभा राहिला आणि म्हणाला, “पाखरं माणूस ओळखतात हो.”

हे वाक्य बान-शिउने घरी, जेवताना, टीव्हीवर ऐकलं. घास तोंडातच राहिला.

“माणूस ओळखतात म्हणे,” तो म्हणाला. “म्हणजे मला ओळखलं नाही?”

“ओळखलंच असेल,” बी-शिआ म्हणाली. ही त्याची बायको. “म्हणून तर तिकडे जातात.”

पैशाचं म्हणाल तर कांद्यात बान-शिउ भावाच्या कितीतरी पुढे होता. पण कांदा मोजायला कुणी दुर्बीण घेऊन येत नाही. त्याला एकच हवं होतं: एक संध्याकाळ, फक्त एकच, ससाण्यांनी त्याच्या उतारावर उतरावं, पुलावरच्या सगळ्यांनी ते बघावं, आणि बान-चाइनेही बघावं. विशेषतः बान-चाइने.

त्याने सगळं करून पाहिलं होतं. उतारावर पाणी ठेवलं. उंदीर सोडले, त्यांनी रोपं खाल्ली. भूमिदेवाच्या देवळात अख्खी उकडलेली कोंबडी ठेवून लाकडी कौल टाकले. लाम-खेमध्ये देवाला विचारायचं तर दोन चंद्रकोरी लाकडं जमिनीवर टाकतात. एक पालथं एक उताणं पडलं तर देव ‘हो’ म्हणाला, दोन्ही पालथी पडली तर ‘नाही’. आणि दोन्ही उताणी, सपाट बाजू वर करून पडली, तर देव हसतोय असं समजायचं.

“ससाणे माझ्याकडे उतरतील का?” बान-शिउने विचारलं आणि टाकली.

देव हसला. पुन्हा टाकली. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा टाकताना एक लाकूड उंबऱ्यावर आपटून उभं राहिलं आणि मग विचार करून तेही उताणं पडलं. पुजारी कोंबडीकडे बघत म्हणाला, “शिउभाऊ, देवाला पाखरांचं विचारताना पाखरूच कापून आणलंत, त्याला तरी काय, हसूच येणार.”

तेव्हा बान-शिउने ठरवलं, की देवाचं काम आपणच करावं.

ससाण्यांची एक खोड जुन्या पारध्यांना माहीत असते. वरून येणारं पाखरू आधी बघतं, की खाली कुणी बसलंय का. एक बसला, की जागा पारखून झाली. मग बाकीचे डोळे मिटून त्याच्यामागे. म्हणजे पहिला बसवायचा तेवढा प्रश्न. पोफळीची झावळ गळते तेव्हा तिच्या बुडाशी तपकिरी, होडीसारखी विरी असते. ती उभी दुमडली, वरचं टोक वाकवून डोकं केलं, तारेने आवळली, की लांबून पंख मिटून बसलेला ससाणाच. गळ्याचा पांढरा पट्टा राहिला होता. तो बान-शिउने सुपारीसाठी खिशात ठेवलेल्या चुन्याच्या डबीतून बोटाने ओढला. पहिला झाला तेव्हा तो स्वतःच त्याच्याकडे इतका प्रेमाने बघत बसला, की बी-शिआने विचारलं, “याला दाणे घालू का?”

“हसू नकोस. चौदा करणार आहे.”

“चौदा कशाला? एकाने भागतं म्हणालास ना?”

“एकटा बसलेला बिचारा दिसतो,” बान-शिउ म्हणाला.

दुपारी वारा जरा थांबला तेव्हा साठी ओलांडलेला हा माणूस माकडासारखा झाडांवर चढला आणि चौदा विऱ्या बांधून खाली आला. संध्याकाळी हात धुऊन, केस चोपडून तो पुलावर गेला. जणू सहज आलाय.

खांब आला. घळीवर फिरला. बान-शिउने मनातल्या मनात त्याला उजवीकडे ढकललं, हाताने नाही तर भुवयांनी. एक ससाणा खरोखर त्याच्या उताराकडे वळला, विऱ्यांवरून एक गिरकी घेतली, मान वाकडी करून नीट पाहिलं, आणि काहीतरी घाण वास आल्यासारखा वळून घळीत गेला. त्याच्यामागे सगळे.

बान-शिउचा चेहरा पडला. तो निघणार, तोच सू बाई दुर्बीण फिरवत म्हणाल्या, “अरे! पूर्वेच्या उतारावर कधी उतरले हे?”

पूल एकदम त्या बाजूला झुकला.

“कुठे? कुठे?”

“उजेड कमी झालाय, पण दिसतायत. दहा... बारा... चौदा!”

“चौदा?” बान-चाइ म्हणाला. पेजेचं पातेलं त्याच्या हातात होतं. “दादाच्या उतारावर?”

“थडग्याच्या मागे,” सू बाई म्हणाल्या आणि खडू उचलला. फळ्यावर, घळीच्या खाली, दुसरी ओळ आली: बान-शिउचा उतार, चौदा.

बान-शिउच्या मनात आलं, की खरं सांगून टाकावं. हे मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात लिओंगने त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी हातात कोवळी सुपारी ठेवली, आणि एका परक्या बाईने विचारलं, “तुमचाच का तो उतार? किती छान!” बान-शिउने सुपारी तोंडात टाकली. तोंड भरलेलं असलं, की बोलता येत नाही.

“पाखरं माणूस ओळखतात म्हणे,” चावता चावता तो एवढंच म्हणाला, भावाकडे न बघता.

तो आयुष्यातली सगळ्यात गोड झोप झोपला. त्याला जाग आली ती अंगणातल्या गलक्याने. बाहेर अंधारात वीसेक माणसं उभी होती, कॅमेरे, थर्मास, एक म्हातारी घडीची खुर्ची घेऊन.

“हे काय?” त्याने विचारलं.

“उठताना बघायला आलो,” सू बाई म्हणाल्या. “घळीतले रोजच बघतो. म्हटलं आज तुमचे बघावेत.”

आणि तेव्हा, लुंगी सावरत दारात उभ्या असलेल्या बान-शिउला कळलं, की बसवण्याचा विचार त्याने खूप केला होता. उठवण्याचा एकदाही केला नव्हता. जन्म पारध्याचा. पारध्याने धरलेलं पाखरू सकाळी उठत नसतं.

उजाडलं. घळीतून पहिला ससाणा उठला, मग दहा, मग शंभर, आणि डोंगरावर खांब उभा राहिला. उतारावरचे चौदा ढिम्म.

“दमले असतील,” एक जण म्हणाला.

“लांबून आलेत,” बान-शिउ म्हणाला. घाम त्याच्या मानेवरून पाठीत चालला होता. “माझ्याकडे जरा झोप चांगली लागते. जागा शांत.”

“म्हातारे दिसतायत,” खुर्चीवाली म्हातारी म्हणाली. “आमच्या ह्यांचंही असंच. हलवल्याशिवाय उठत नाहीत.”

घळीतला खांब समुद्राकडे सरकला. ऊन उतारावर आलं. बान-चाइही येऊन मागे उभा राहिला होता, हाताची घडी घालून, डोळे बारीक करून. तेवढ्यात डोंगरावरून दिवसाचा पहिला झोत कोसळला. तेरा जणांनी टिकाव धरला. चौदाव्याची वरची तार सुटली, आणि तो फांदीवर गर्रकन फिरून खाली डोकं वर पाय असा लोंबकळू लागला.

मग बान-चाइचा आवाज आला, अगदी हळू, अगदी प्रेमळ:

“दादा, तुझा ससाणा वटवाघूळ झाला.”

इतकं हसू लाम-खेमध्ये कधी कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारी खुर्चीसकट आडवी झाली. शेजारच्या गावात, म्हणतात, त्या हशाने कुत्री भुंकू लागली. एकट्या सू बाई हसल्या नाहीत. त्या पुलावर परत गेल्या आणि त्यांनी फळ्यावरची दुसरी ओळ बाहीने पुसली. नीट, सावकाश, एकदा ओल्या फडक्यानेही. बान-शिउला हसणाऱ्यांपेक्षा ती बाही जास्त लागली.

त्या दिवसापासून तो विरीवाला झाला. बान-चाइने एक विरी मागून नेली. “आठवण म्हणून, दादा,” म्हणाला, आणि पेजेच्या गाड्यावर टांगली. गिऱ्हाइकांना तो सांगे, “हा आमच्या थोरल्यांच्या उतारावरचा. खायला काही मागत नाही.” वाटीमागे एक हसू फुकट.

बान-शिउ पुलावर जाईनासा झाला. संध्याकाळ झाली, की तो घळीकडे पाठ करून कांद्याची रोपं लावी. पाठीला मात्र डोळे फुटले होते. पुलावरून ‘आहाहा’ आली, की त्याचा अंगठा रोपाला गरजेपेक्षा जास्त खोल दाबी.

“ते रोप आहे,” बी-शिआ म्हणे. “भावजींचं नरडं नाही.”

“मी काही म्हटलं का?”

“तू म्हणत नाहीस. रोप म्हणतं.”

ऑक्टोबरची दहा तारीख आली, सुटीचा दिवस, पाखरांचा जोरही तेव्हाच. बान-चाइने त्या वर्षी मोठा बेत केला. बस भरून पाहुणे येणार होते. त्याने घळीच्या तोंडाशी मांडव घातला, झाडांवर रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या, डुक्कर भाजायला लावलं आणि गाण्याचं यंत्र आणलं. त्याला माईक जोडला, की कुणीही उभं राहून गावं. लिओंगने सांगून पाहिलं, “चाइ, पाखरांना दिवे आवडत नाहीत.”

“पाखरं मला ओळखतात,” बान-चाइ म्हणाला आणि माईकमध्ये फुंकर मारली. ती फुंकर बान-शिउला कांद्यात ऐकू आली.

संध्याकाळी आभाळात असा खांब उभा राहिला, की लिओंग शपथेवर सांगतो, त्याच्या सावलीने गावात लोकांनी दिवे लावले. बान-शिउने पाहिलं नाही. पाहिलं म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. खांब घळीवर आला. खालून बान-चाइचा कुणीतरी पाहुणा प्रेमभंगाचं गाणं गात होता, इतकं बेसूर, की ज्या बाईने त्याला सोडलं तिचं बरोबरच होतं असं वाटावं. दिवे लाल, हिरवे, लाल. खांब खाली आला, थबकला, वर गेला. पुन्हा खाली आला. मग मधूनच मोडला आणि पाखरं डोंगराच्या कडेमागे दिसेनाशी झाली.

पुलावरून ‘अरेरे’ आली.

“गेले,” बान-शिउ म्हणाला. कितीतरी दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. “पुढच्या दरीत गेले. आता गा म्हणावं.”

तो रोप उचलायला वाकला. वाकलेला असतानाच त्याच्या कानाजवळून हवा कापल्यासारखा आवाज गेला.

डोंगराच्या कडेला वळसा घालून, जमिनीला लागून, पुलाला दिसणार नाही अशा अंगाने पाखरं येत होती. एक बसला. फांदी खाली गेली आणि वर आली. विरीच्या वेळी फांदी हललीच नव्हती हे बान-शिउला आत्ता आठवलं. मग दुसरा. मग सगळा उतार सळसळू लागला, जसा काही पाऊस फक्त तेवढ्याच झाडांवर पडतोय. थडग्याच्या दगडावरसुद्धा एक येऊन बसला, अंग फुलवलं, आणि शिटला. बाप जिवंत असताना असं करायची कुणाची छाती नव्हती.

बान-शिउ उकिडवा बसला तो तसाच राहिला. हातात रोप. उठलो तर उडतील.

“अहो,” बी-शिआ शेजारी बसत कुजबुजली. एरवी ती त्याला अरेतुरे करी. ‘अहो’ तिच्या तोंडून लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आज निघालं. “जा की! पुलावर जा. सांगा त्यांना.”

“कोण विश्वास ठेवणार?”

तेवढ्यात पुलावर कळलंच. कुणाची तरी दुर्बीण या बाजूला फिरली असावी. लिओंगचा चिरका आवाज वाऱ्यावर आला: “विरीवाल्याने आज पोफळीची बागच बांधली रे!” आणि हशा. हशा लाटेसारखा आला, उतारावर आपटला, दोन-तीन ससाण्यांनी माना वळवल्या, पण ते बसून राहिले. त्यांना काय, ते खरे होते.

बान-शिउचे डोळे भरून आले. जन्मभर मागितलं ते डोक्यावर येऊन बसलंय, आणि गावाला त्याची विरी दिसतेय.

बांधावरून कुणीतरी येत होतं. दबकत, पायाने ढेकळं चुकवत. बान-चाइ. नवा सदरा, गळ्यात टॉवेल, अंगाला भाजलेल्या डुकराचा वास.

“सू बाईंनी पाठवलंय,” तो लांबूनच म्हणाला, सवयीच्या त्याच थट्टेच्या सुरात. “म्हणाल्या, जवळ जाऊन बघून या, उगाच अन्याय नको. किती बांधल्यास रे आज, दादा? एवढी तार आणलीस कुठून—”

आणि तो थांबला.

थडग्यावरचा ससाणा त्याच्याकडे बघत होता. पिवळे डोळे, मधे काळा ठिपका. त्याने एक पंख लांब केला, पायाबरोबर ताणला, परत मिटला. वर झाडांत फांद्यांवर एकेका हातावर एकेक, दाटीवाटीने, काही तर जागेवरून भांडत होते.

बान-शिउने ससाण्यांकडे पाहिलंच नाही. तो भावाचा चेहरा बघत होता. आधी त्या चेहऱ्यावरून थट्टा गेली. मग काहीच नव्हतं. मग हळूहळू, कढईतलं तेल तापत जावं तसं काहीतरी वर येऊ लागलं. ओठ आत ओढले गेले. गालाचं एक हाड हललं. हा चेहरा बान-शिउने कुठेतरी रोज पाहिला होता. कुठे बरं? दाढी करताना.

“किती आहेत?” बान-चाइने विचारलं.

“मोजले नाहीत.”

“घळीपेक्षा जास्त आहेत?”

“तूच बघ. मोजायची सवय तुला.”

बान-चाइने बोट उचललं, ओठ हलवत दोन फांद्या मोजल्या, आणि बोट खाली घेतलं. मागे पुलावर सू बाईंनी हाताचा कर्णा केला होता. “चाइऽऽभाऊ! काऽऽय आहे?”

बान-चाइने थोरल्याकडे पाहिलं. बान-चाइ वळला, दहा पावलं बांधावर गेला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला:

“विरीऽऽ! सगळ्या विऱ्याच आहेत!”

पूल हसला. बान-चाइ तसाच, मागे न बघता, जवळजवळ पळत, दिव्यांकडे गेला.

“मेल्या खोटारड्या!” बी-शिआ उठू लागली. हातात खुरपं होतं. “त्या टॉवेलनेच आवळते याला. चला, आत्ताच्या आत्ता त्या बाईला इथे आणून—”

बान-शिउने तिचं मनगट धरलं.

“बस.”

“बस काय? ऐकलंस ना? डोळ्यांनी बघून खोटं बोलला!”

“ऐकलं ना,” बान-शिउ म्हणाला. “डोळ्यांनी बघून खोटं बोलला. चाइ! टीव्हीवर माणूस ओळखतात म्हणणारा चाइ!” त्याचा आवाज कापत होता, आधी तिला वाटलं रडतोय. “किती जळलं असेल गं त्याचं, तेव्हा हे तोंडातून निघालं! मी चौदा विऱ्या बांधल्या. याने एवढे खरे ससाणे एका शब्दात विऱ्या करून टाकले!”

“मग आण ना बाईला. फळ्यावर लिहू दे.”

“फळ्यावर लिहिलं, की सगळ्यांचं होईल. उद्या नवीन आकडा. आणि हा सांगेल, अंधारात नीट दिसलं नाही.” त्याने चुन्याची डबी काढली, सुपारीला बोट लावलं, चावू लागला. “नको. हे माझ्याकडेच राहू दे.”

“काय राहू दे?”

“त्याचं तोंड.”

“दोघंही एकाच आईची,” बी-शिआ म्हणाली आणि खुरपं खाली ठेवलं.

घळीत कुणीतरी पुन्हा गाऊ लागलं. थोड्या वेळाने गाणं मधेच बंद पडलं. माईक कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखा आवाज झाला. रंगीत दिवे एकेक करून विझले. बान-शिउ ते ऐकत, बघत, रोपं न लावता बसून राहिला, आणि त्याला वाटलं, की आज कांद्यालासुद्धा गोड वास येतोय.

उजाडायच्या आधी तो उताराखाली येऊन बसला. फटफटलं तेव्हा त्याला दिसलं, की बांधाच्या पलीकडे आणखी कुणीतरी बसलंय, गुडघ्यांना मिठी मारून, सदरा कालचाच. त्याने ओळख दिली नाही. तिकडूनही कुणी दिली नाही.

पुलावर माणसं घळीकडे तोंड करून उभी होती, सू बाईंची दुर्बीणही तिकडेच. घळीत काही हललं नाही.

इथे मात्र पहिला उठला. उठताना फांदीने त्याला वर फेकल्यासारखं केलं. मग सगळे. बान-शिउच्या डोक्यावर पिसं, काटक्या, शिट, सगळं पडलं. त्याने पुसलं नाही. बांधापलीकडून पुटपुट ऐकू येत होती: “एकवीस, बावीस... तेवीस, चोवीस, थांब ना लेका...”

“तो धरलास का थडग्यावरचा?” बान-शिउने विचारलं.

पुटपुट थांबली. “कुठला?”

“तो आधीच उठला. तुझी नजर वर होती.”

“तो नाही धरला,” बान-चाइ म्हणाला. आणि मग, चिडून: “बोलायला लावू नकोस ना मला, चुकतो मी!”

“मोज, मोज. आपल्याला काय, विऱ्याच आहेत.”

उतारावर खांब उभा राहिला. तो तिरका होत पुलाच्या डोक्यावरून गेला, इतका खालून, की सू बाईंची टोपी उडाली. सगळा पूल मान वर करून गोल फिरला. घळीकडून नाही, मग आले कुठून? सू बाई धावत पुलाच्या या टोकाला आल्या आणि दोघांकडे बघून ओरडल्या, “अहो शिउभाऊ! चाइभाऊ! हे कुठून उठले? पाहिलंत का तुम्ही?”

दोघेही गप्प बसले. एक लाजेने, दुसरा चवीने.